गोठवलेला लॉबस्टर घरी कसा वाफवावा

वाफवायला आठ-दहा मिनिटं पुरतात. पण गोठवलेला लॉबस्टर बिघडतो तो बहुतेक वेळा आदल्या रात्रीच, बर्फ वितळवताना. पातेल्याखाली गॅस पेटवेपर्यंत मांस रसाळ होणार की वातड, हे बरंचसं ठरून गेलेलं असतं.

मांस गोठतं तेव्हा त्यातल्या पाण्याचे स्फटिक होतात. गोठणं जितकं संथ, तितके स्फटिक मोठे आणि स्नायूंच्या पेशींची फाटाफाटही तितकीच जास्त. बर्फ वितळला की या फाटक्या पेशींना पाणी धरून ठेवता येत नाही. पिशवीच्या तळाशी साचलेलं गढूळ पाणी म्हणजे बराचसा मांसातलाच रस. पुढे शिजताना स्नायू आक्रसतात आणि आणखी पाणी पिळून बाहेर टाकतात. ताज्या लॉबस्टरला हे नुकसान सोसतं, गोठवलेल्याला सोसत नाही. म्हणून खालची जवळजवळ प्रत्येक खटपट एकाच कारणासाठी आहे: उरलंय तेवढं पाणी मांसातच राहावं.

उकळण्यापेक्षा वाफवणं बरं, तेही याचमुळे. कापलेल्या कवचातून उकळतं पाणी आत शिरतं, चव धुऊन नेतं आणि ताटात घेतल्यावर खाली तळं साचतं. शिवाय रटरटत्या पाण्यात शेपट्या आपटून कडा फाटतात. चाळणीवर त्या जागच्या जागी राहतात आणि अर्धं-एक मिनिट इकडेतिकडे झालं तरी निभावून जातं.

पाकिटात नेमकं काय आहे

गोठवलेला लॉबस्टर म्हणून चार वेगवेगळ्या गोष्टी मिळतात: कच्ची शेपटी, अख्खा कच्चा लॉबस्टर, शिजवून गोठवलेला अख्खा लॉबस्टर आणि सोललेलं शिजलेलं मांस. शिजलेलं आहे की कच्चं, हे आधी ओळखायला हवं. शिजलेल्याला कच्च्याचा वेळ दिलात तर तोंडात रबर येईल.

थंड समुद्रातला नांग्यांचा लॉबस्टर कच्चा असताना काळपट, हिरवट-निळसर दिसतो आणि शिजला की लाल होतो. त्याच्या कवचात ॲस्टाझँथिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं. कच्चेपणी ते एका प्रथिनाला बांधलेलं असतं. उष्णतेनं प्रथिनाची घडी मोडते आणि लाल रंग मोकळा होतो. तेव्हा असा लॉबस्टर पाकिटातच लालभडक दिसला तर तो आधी शिजवलेला आहे. नांग्या नसलेल्या, जाड लांब मिशांच्या काटेरी शेवंडीच्या बाबतीत मात्र निव्वळ रंगावर जाऊ नका, कारण काही जाती कच्च्या असतानाच तांबूस असतात. तिथे शेपटीच्या तुटलेल्या टोकाशी मांस बघा. राखाडी, अर्धवट आरपार दिसणारं असेल तर कच्चं, चुन्यासारखं पांढरं असेल तर शिजलेलं.

पहिल्यांदाच करत असाल तर कच्ची शेपटी घ्या. अख्ख्या कच्च्या लॉबस्टरच्या डोक्यात यकृताचं काम करणारी ग्रंथी असते. लॉबस्टर मेला की त्या ग्रंथीतली पाचक द्रव्यं शेजारच्या शेपटीच्या मांसावरच काम सुरू करतात आणि ते लिबलिबीत होत जातं. लॉबस्टर जिवंतपणी शिजवायची पद्धत पडली त्यामागे हेही एक मोठं कारण आहे. गोठवल्यावर ही क्रिया मंदावते, पण बर्फ वितळू लागला की पुन्हा जोर धरते. नुसत्या शेपटीत ती ग्रंथीच नसते, त्यामुळे तिथे चुकीला बरीच माफी आहे.

पाकिटावरची बारीक अक्षरंही वाचा. शेपट्यांवर मुद्दाम पातळ बर्फाचा लेप चढवलेला असतो. तो वाईट नाही, त्यानं मांस कोरडं पडत नाही. फक्त वजन लेपासकट लिहिलंय की लेप सोडून, हे बघा. घटकांत सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट असेल तर मांसाला पाणी धरायला लावलेलं आहे. अशी शेपटी जरा जास्त तुकतुकीत लागते, शिजताना पाणी सोडते आणि तिला मीठही जपून लावावं लागतं. सोडियम मेटाबायसल्फाइट हे कवच काळं पडू नये म्हणून वापरतात. सल्फाइटचा त्रास होणाऱ्यांनी, विशेषतः दमेकऱ्यांनी, असं पाकीट टाळावं.

पिशवीच्या आत सुटा भुसभुशीत बर्फ बराच दिसला तर माल मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठलेला असण्याची शक्यता आहे. मांसावर पांढरे, कोरडे, कापसासारखे चट्टे म्हणजे फ्रीजरच्या कोरड्या हवेनं पाणी ओढून घेतलंय. खायला अपाय नाही, पण तेवढा भाग वातडच होणार, तो कापून टाकावा. घरच्या फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, शेपट्या सहा महिन्यांच्या आत वापरलेल्या बऱ्या. पुढे त्या खराब होतात असं नाही, पण कोरड्या पडत जातात.

बर्फ वितळवणं

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ४ अंश किंवा त्याहून कमी तापमानात, सावकाश वितळवणं सगळ्यांत चांगलं. दीडशे-दोनशे ग्रॅमच्या शेपटीला १० ते १२ तास लागतात, अर्धा-पाऊण किलोच्या अख्ख्या लॉबस्टरला पूर्ण २४ तास धरा. उथळ ताटलीत छोटी जाळी किंवा उलटी वाटी ठेवून तिच्यावर शेपट्या ठेवा आणि वरून सैल झाका. जाळी नसेल तर शेपटी रात्रभर स्वतःच्याच पाण्यात पडून राहते आणि खालची बाजू पांढुरकी, मऊ पडते.

पाकीट हवा काढून घट्ट बंद केलेलं असेल तर फ्रिजमध्ये ठेवण्याआधी ते फोडा, निदान एका बाजूनं कापा. हवाबंद पिशवीत ऑक्सिजन नसतो आणि अशा जागी बोटुलिझम या गंभीर अन्नविषबाधेचे काही जीवाणू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढू शकतात. पिशवी कापायला दोन सेकंद लागतात, ती कापाच.

घाई असेल तर थंड पाणी. शेपट्या चेनच्या पिशवीत घाला, पिशवी पाण्यात बुडवत बुडवत हवा काढा, वरचं तोंड बंद करा आणि नळाच्या गार पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. तरंगत असेल तर वर ताटली ठेवा. पाणी दर अर्ध्या तासानं बदला. मध्यम शेपटीला ३० ते ६० मिनिटं, अख्ख्या लॉबस्टरला दीड-दोन तास पुरतात. असा वितळवलेला लॉबस्टर लगेच शिजवा, परत फ्रिजमध्ये ठेवून उद्यावर ढकलू नका.

पिशवीशिवाय थेट पाण्यात टाकू नका, मांस बेचव होतं. कोमट पाणी तर नकोच. बाहेरचा थर ऊब धरतो, आतला गोळा बर्फच राहतो, आणि बाहेरच्या थरात जीवाणू आणि पाचक द्रव्यं दोघांनाही मोकळं रान मिळतं. ओट्यावर उघडं ठेवण्याचंही तेच. मायक्रोवेव्हमध्ये कडा शिजतात आणि मध्यावर खडा राहतो.

गोठलेली शेपटी तशीच वाफेवर ठेवली तर? शिजते, पण दीडपट वेळ लागतो. तोवर बाहेरचा अर्धा सेंटीमीटर थर वातड झालेला असतो आणि मांस कवचाला असं चिकटतं की काढताना चिंध्या होतात. अगदीच नाइलाज असेल तरच.

वितळलंय की नाही हे बाहेरून कळत नाही. शेपटी दोन्ही हातांत धरून हळूच वाकवा. सहज वाकली तर झालं. मध्येच अडली, कुरकुरली, तर आत बर्फ आहे. जाड टोकाशी बोट दाबूनही बघा. खड्यासारखं काही लागलं तर आणखी दहा मिनिटं गार पाण्यात.

वास आता घ्या. गोठलेल्या मालाला वास नसतोच, त्यामुळे आधी घेऊन उपयोग नाही. समुद्राचा हलका, खारट वास ठीक. अमोनियासारखा, नाकाला झोंबणारा वास आला किंवा मांस बोटाला चिकट लागलं, तर टाकून द्या. लिंबू, लसूण, मसाला लावून त्याची सारवासारव करू नका. कवचाच्या सांध्यांवर काळे डाग असतील तर ती कापलेलं सफरचंद काळं पडतं तशीच क्रिया आहे, सडल्याची खूण नव्हे. डाग मांसापर्यंत पोचले असतील तर मात्र माल जुना किंवा हलगर्जीपणे ठेवलेला आहे, असं समजा.

कापणं आणि पुसणं

इथे सुरीपेक्षा मजबूत कात्री बरी. शेपटी पोट खाली, पाठ वर अशी ओट्यावर ठेवा. कात्रीचं खालचं पातं कवच आणि मांस यांच्या मधल्या फटीत सरकवा आणि पाठीच्या मधोमध शेवटच्या पंख्यापर्यंत कापत न्या. पंखा कापू नका. पातं किंचित वर उचलून धरलं की मांसाला लागत नाही. काटेरी शेवंड असेल तर डाव्या हातात जाड फडकं घ्या, तिच्या कवचाच्या कडा चांगल्याच बोचतात.

दोन्ही अंगठ्यांनी कवच थोडं फाकवा. पाठीच्या कडेनं काळपट किंवा हिरवट दोरा दिसेल, ती आतडी. टोक पकडून सावकाश ओढा, तुटला तर सुरीच्या टोकानं उचला. काही पाकिटांत तो आधीच काढलेला असतो, नाही दिसला तर मांस उगाच चिरत बसू नका.

फोटोत दिसतं तसं मांस कवचाबाहेर उचलून वर पसरवायचा मोह होतो. भट्टीत भाजायचं असेल तर ते शोभतं. वाफेत मात्र उघड्या मांसावर झाकणाचं पाणी ठिबकतं आणि कडा लवकर शिजून आखडतात. वाफवताना मांस कवचातच असू द्या, कवच फक्त कापलेलं हवं. ते खोलगट ताटलीसारखं रस धरून ठेवतं.

शेपटी शिजताना गोल वळते, कारण पोटाकडचे स्नायू जोरात आक्रसतात. वळलेल्या शेपटीत बाहेरची बाजू आधी आणि आतली नंतर शिजते. सरळ हवी असेल तर बांबूची काडी पोटाकडच्या पातळ पडद्याच्या आतून, मांसाच्या खालून, तोंडापासून पंख्यापर्यंत घाला आणि वाढण्याआधी फिरवून ओढून काढा. एकच छोटी शेपटी असेल तर एवढी उठाठेव नको.

आता मिठाचं पाणी. ही पायरी ऐच्छिक आहे, पण गोठवलेल्या शेपटीवर तिचा फरक कळतो. एक लिटर गार पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवा, शेपट्या त्यात २० मिनिटं बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. मिठामुळे स्नायूंतली काही प्रथिनं सैल होतात आणि शिजताना पाणी जरा जास्त धरून ठेवतात. चवही आतपर्यंत जाते. पाकिटावर मीठ किंवा फॉस्फेट लिहिलेलं असेल तर ही पायरी गाळा, नाहीतर खारट होईल. नंतर कागदी रुमालानं आतून-बाहेरून कोरडं टिपून घ्या आणि कापाच्या फटीत अर्धा चमचा वितळलेलं लोणी सोडा.

भांडं, पाणी, झाकण

मोदकपात्र असेल तर उत्तम. नसेल तर खोल पातेलं, आत उंच रिंग किंवा उलटी वाटी, त्यावर भोकांची चाळणी आणि घट्ट बसणारं झाकण. पाणी अडीच-तीन सेंटीमीटर, म्हणजे २२ सेंटीमीटर व्यासाच्या पातेल्यात साधारण एक लिटर. उकळी फुटली की पाणी उडतं, म्हणून पाणी आणि चाळणी यांच्यात किमान दोन सेंटीमीटर अंतर हवं.

प्रेशर कुकर शिट्टीसह वापरू नका. त्यात तापमान १२० अंशांच्या आसपास जातं आणि मध्येच उघडून बघायची सोय नाही. दोन मिनिटांत मांस हातचं जातं. शिट्टी काढून साधं वाफेचं भांडं म्हणून वापरायला हरकत नाही.

वाफेच्या पाण्यात मूठभर मीठ घालायला सांगणाऱ्या कृती पुष्कळ आहेत. त्याचा उपयोग नाही. मीठ वाफेबरोबर वर चढत नाही, ते पातेल्यातच राहतं. लिंबाची साल, तमालपत्र, आल्याचे काप यांचा वास थोडाफार चढतो, कारण त्यातली तेलं उडून जाणारी असतात. पण आठ मिनिटांत फार अपेक्षा ठेवू नका. चव लावायची ती मांसाला लावा.

झाकण सपाट असेल तर त्याला आतून सुती फडकं बांधा आणि चारी टोकं वर गाठ मारून घ्या, लोंबती राहिली तर पेट घेतील. झाकणावर जमलेलं पाणी फडकं पितं, मांसावर ठिबकत नाही.

वेळ

आधी पाणी खळखळून उकळू द्या. झाकणाच्या कडेनं वाफेची जोरदार धार सुटली की मगच शेपट्या ठेवा: पोट खाली, कापलेली पाठ वर, एकीला दुसरी न टेकता, एकाच थरात. झाकण लावा. वाफ पुन्हा सुटली की घड्याळ लावा आणि आच मध्यमहून जरा मोठी ठेवा.

पूर्ण वितळलेल्या कच्च्या शेपटीसाठी, एकेका शेपटीच्या वजनानुसार:

१०० ते १२५ ग्रॅम: ५ ते ६ मिनिटं
१५० ते १८० ग्रॅम: ७ ते ८ मिनिटं
२०० ते २३० ग्रॅम: ८ ते १० मिनिटं
२८० ते ३४० ग्रॅम: १० ते १२ मिनिटं

चार शेपट्या ठेवल्या म्हणून वेळ चौपट होत नाही. वजन एकेकीचं धरायचं, एकूण नव्हे. लहान-मोठ्या एकत्र असतील तर मोठ्या आधी ठेवा आणि लहान दोन-तीन मिनिटांनी. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी. दीड-दोन हजार मीटरवर राहत असाल तर मिनिट-दोन मिनिटं जास्त लागतील.

झाकण सारखं उघडून बघू नका. वाफ गार कवचावर आदळून तिचं पाणी होताना जी उष्णता सुटते, तिच्यावरच सगळी मदार आहे. झाकण उघडलं की ती वाफ ओट्यावर जाते आणि भांडं पुन्हा भरायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. एकदाच उघडा, कमीत कमी वेळ पूर्ण झाल्यावर. उघडताना झाकणाची पलीकडची कड आधी उचला, म्हणजे वाफ तोंडावर येणार नाही.

आधी शिजवलेली शेपटी असेल तर तिला फक्त गरम करायचंय: ३ ते ४ मिनिटं, अख्खा असेल तर ५ ते ६. सोललेलं शिजलेलं मांस वाफवूच नका. गॅस बंद करून गरम लोण्यात दोन मिनिटं घोळवलं की पुरे.

शिजलं की नाही

कवच लाल झालं म्हणजे मांस शिजलं असं नाही. कवच बाहेर असतं, त्याला उष्णता आधी लागते. ते आतल्या मांसाच्या बरंच आधी लाल होतं आणि घाई करणारे इथेच फसतात.

भरवशाचं साधन म्हणजे स्वयंपाकाचा थर्मामीटर. टोक शेपटीच्या सगळ्यांत जाड भागात, कवचाला न टेकवता घाला. सुरक्षिततेसाठी ६३ अंश सेल्सिअस गाठायचे आहेत. ६० झाले की बाहेर काढून दोन-तीन मिनिटं झाकून ठेवा. आतली उष्णता पसरत राहते आणि उरलेले अंश बहुधा भरून निघतात. वाढण्याआधी पुन्हा मोजून खात्री करा. गरोदर बाई, लहान मूल, वृद्ध किंवा आजारी माणूस खाणार असेल तर वाफेवरच ६३ दिसू द्या. ७० च्या पुढे गेलात की मांस कवचापासून आखडून सुटतं, दोऱ्यादोऱ्यांचं होतं आणि चावताना दातांत करकरतं.

थर्मामीटर नसेल तर जाड भागात सुरीचं टोक घालून फट थोडी उघडा. मधोमध काचेसारखी राखाडी झाक दिसली तर आणखी एक मिनिट. पूर्ण पांढरं पण ओलसर, मोत्यासारखी चमक असलेलं मांस म्हणजे शिजलेलं. बोटानं दाबल्यावर ते परत वर यायला हवं. बोट रुतून खड्डा राहिला तर कच्चं, दगडासारखं लागलं तर पुढे गेलं.

मांसाभोवती दह्यासारखे पांढरे कण दिसतात, ते लॉबस्टरचं रक्त. कच्चेपणी ते जवळजवळ बिनरंगी असतं, शिजून गोठलं की पांढरं होतं. खायला चालतं, नको वाटलं तर पुसा.

गरम वाढायचं असेल तर बर्फाच्या पाण्यात टाकू नका, इतका वेळ राखलेली चव तिथे धुऊन जाईल. गार सॅलडसाठी हवं असेल तर दोन-तीन मिनिटं बुडवा आणि लगेच काढून टिपा.

अख्खा कच्चा लॉबस्टर

वितळवल्यावर नांग्यांना रबरी पट्ट्या असतील तर कापून टाका. शिजताना त्यांचा वास मांसाला लागतो. चाळणीवर पोट खाली ठेवा आणि शेपटी पोटाखाली दुमडू देऊ नका. वेळ साधारण असा: ४५० ग्रॅमला १० मिनिटं, ६०० च्या आतबाहेर १२, ६८० ला १४, ९०० ला १८. दोन लॉबस्टर एकावर एक ठेवावे लागले तर निम्म्या वेळानं चिमट्यानं वर-खाली करा. तापमान शेपटीत बघा, टोक पोटाच्या बाजूनं घाला. नांगीचं कवच जाड असल्यानं ती थोडी मागे राहते. शंका आली तर शेपटी पिळून वेगळी काढा आणि नांग्या आणखी दोन मिनिटं वाफेवर ठेवा.

डोक्याचा भाग फोडल्यावर डोळ्यांच्या मागे वाळूची छोटी पिशवी सापडेल, ते जठर. कडेला पिसांसारखे कल्ले असतात. दोन्ही टाका. हिरवट, मऊ गोळा ही ती पाचक ग्रंथी. आवडीनं खाणारे आहेत, पण समुद्रातले विषारी घटक इथेच साठतात आणि अमेरिका-कॅनडातल्या आरोग्य यंत्रणांनी तिच्याबद्दल सावधगिरीच्या सूचना दिलेल्या आहेत. गोठवून वितळलेल्या लॉबस्टरमध्ये ती बहुधा पाणचट होऊन पसरलेली असते. सरळ काढून टाका.

मादी असेल तर आत अंडी सापडतील, आणि ती फुकटचा थर्मामीटरच समजा. कच्ची अंडी काळपट हिरवी असतात, शिजली की लाल. फोडल्यावर काळी दिसली तर लॉबस्टर अजून कच्चा आहे, परत वाफेवर ठेवा.

खाणारी माणसं मोजताना एवढं धरा की अख्ख्या नांगीवाल्या लॉबस्टरच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्साच मांस निघतं. शेपटीत अर्ध्याहून थोडं अधिक.

बिघडलं तर का बिघडलं

वातड झालं: जास्त शिजलं, किंवा गोठलेलंच वाफेवर ठेवलं. वातड झालेलं मांस पुन्हा मऊ होत नाही. बारीक चिरून लोण्यात किंवा मेयोनीजमध्ये मिसळून वापरा.

पिठूळ, चिखलासारखं झालं: हा शिजवण्याचा दोष नव्हे. पाचक द्रव्यांनी मांस आधीच खाल्लेलं होतं, म्हणजे गोठवायला उशीर झाला, मध्ये वितळलं, किंवा तुम्ही गरम जागी वितळवलं. कमी-जास्त शिजवून ते सुधारत नाही. पुढच्या वेळी फ्रिजमध्ये नीट वितळवूनही असंच झालं तर माल बदला.

कवचाला चिकटलं: कमी शिजलेलं किंवा मधोमध बर्फ राहिलेला. एक-दोन मिनिटं वाफ द्या, मग चमच्याची दांडी कवच आणि मांस यांच्यामध्ये फिरवा.

ताटात पाणी साचलं: टिपायला विसरलात, फॉस्फेटचा माल होता, किंवा बाहेर काढल्यावर निथळू दिलं नाही. काढल्यावर पंख्याला धरून शेपटी क्षणभर उभी धरा.

लोणी आणि उरलेलं

दोन शेपट्यांना ६० ग्रॅम बिनमिठाचं लोणी पुरतं. मंद आचेवर वितळवा, वरचा फेस चमच्यानं काढा, दोन मिनिटं स्थिर ठेवा आणि वरचं पारदर्शक तेवढं ओतून घ्या, तळाचा पांढरा गाळ मागे ठेवा. बेरी लाल होईपर्यंत कढवायचं नाही, खमंग वास लॉबस्टरच्या गोडसरपणावर मात करतो. त्यात एक चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. लसूण हवी असेल तर एकच पाकळी ठेचून लोण्यात घाला आणि नंतर काढून टाका.

घरात कोणाला कवचाच्या मासळीची ॲलर्जी असेल तर त्यांना स्वयंपाकघरातून लांब ठेवा. हा ॲलर्जीकारक घटक शिजवल्यानं नष्ट होत नाही आणि काहींना नुसत्या वाफेनंही त्रास होतो.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. कवचातून काढून, थोडं लोणी चोपडून, बंद डब्यात ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. पुन्हा गरम करताना वाफेवर एक-दीड मिनिट, डब्याचं झाकण काढून. वितळवलेली कच्ची शेपटी परत गोठवू नका, पेशींची दुसरी फाटाफाट तिला झेपत नाही. कवचं टाकू नका. कांदा आणि गाजराबरोबर थोड्या तेलात परता, बुडतील एवढं पाणी घाला, मंद आचेवर ३० ते ४० मिनिटं ठेवून गाळून घ्या. हे पाणी सूपला किंवा भाताला वापरता येतं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवूनही ठेवता येतं.